आतल्या बाजूला लीवाय

फिलोमीन इझाडोरला माणसाचा चेहरा रंगवायला संतांनी शिकवलं. बॉस्टनला एका कारखान्यात प्लास्टरच्या मूर्ती व्हायच्या. साचेवाले मूर्ती काढत, घासणारे त्या घासत आणि एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका त्यांना रंग देत. नव्या बाईच्या वाट्याला आधी झगे यायचे, मग हात, आणि हात जमले तर चेहरा. फिलोमीन चेहऱ्यांपर्यंत लवकर पोचली. संत अ‍ॅन तिने इतक्या वेळा रंगवली की पुढे गावच्या चर्चमध्ये गेली तरी तिची नजर आधी अ‍ॅनच्या भुवयांवर जायची, आणि हे काम कुणीतरी जेवायच्या सुट्टीआधी घाईने उरकलंय हे तिला कळायचं. प्रार्थना त्यानंतर.

एस्कासोनी या तिच्या मिगमॉ आदिवासींच्या गावातली निम्मी तरुण माणसं त्या काळी जात तशीच तीही गेली होती. आधी सीमेपलीकडे मेन राज्यात बटाटे काढायला, मग ब्लूबेरीच्या रानात, तिथून कुणाच्या तरी गाडीत मागे बसून बॉस्टनला. धाकटा भाऊ लीवाय तिच्याबरोबरच निघाला होता. तो बटाट्यांपर्यंत आला आणि परत फिरला. त्याचं म्हणणं एवढंच, की शहरात वाम विकत घ्यावे लागतात. विकतचा वाम खाणारा माणूस त्याच्या लेखी कामातून गेलेला.

आईने अंथरूण धरलं तेव्हा फिलोमीन परत आली. बॉस्टनला एक आयरिश माणूस होता, त्याचं काय झालं हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि लीवाय सोडून कुणी विचारलंही नाही. आई गेल्यावर ती आईच्याच घरात राहिली. घरामागे सरोवराच्या बाजूला एक लाकडी खोपटं होतं. आई तिथे बसून टोपल्यांसाठी ॲश झाडाच्या लाकडी पट्ट्या सोलायची. फिलोमीनने तिथे शेगडी बसवली, खिडकीची काच बदलली आणि रंगांच्या बाटल्या मांडल्या. रंगवायचं काय, ते अजून ठरलं नव्हतं.

डफ गावात उशिरा आले. या भावंडांच्या लहानपणी गावात फिडल होती, चर्चमध्ये आपल्या मिगमॉ भाषेतली स्तोत्रं होती, डफ मात्र नव्हता. म्हाताऱ्यांना तो आठवत असलाच तर ते त्याबद्दल बोलत नसत. मग साबातीस आला. पोलाद कारखान्यातली नोकरी सुटल्यावर तो पश्चिमेकडे गवताळ मुलखात निघून गेला होता, तिकडच्या लोकांत काही वर्षं राहिला आणि परतला तो हातात डफ घेऊन. त्याचा आवाज जाड होता आणि स्वभाव त्याहून जाड. तिकडची गाणी तो थोडे दिवस गायला, मग म्हाताऱ्या बायकांच्या घरोघर बसून आपली जुनी गाणी गोळा करू लागला. वर्षभरात गावाला डफाशिवाय लग्न की मयत काहीच सुचेना.

तेव्हा लीवाय डफ बांधू लागला. शरद ऋतूत तो वरच्या डोंगरात मूस, म्हणजे तिकडचं थोरलं हरीण, मारायला जायचाच. मांस गावात वाटलं जाई आणि कातडं पूर्वी असंच पडून राही. आता तो ते पिंपात भिजत घाली, केस झडले की खरवडी, अंगणात चौकटीवर ताणून वाळवी. ॲशची पट्टी वाफेवर वाकवून तिचं कडं करी. कड्यावर ओलं कातडं बसवायचं, मागून वादी ओवून ती चहूबाजूंनी ओढायची आणि मधोमध गाठ मारून मूठ करायची. हे दोन माणसांचं काम. त्याची बायको हॅरिएट कडं धरून बसे आणि लीवाय पाय लावून वादी ओढे. ओढताना तो अशा शिव्या देई की हॅरिएट आधी उठून दार लावून घ्यायची.

एक डफ त्याने बहिणीकडे आणून टाकला. यावर काहीतरी काढ म्हणाला. फिलोमीनने गरुड काढला. सरोवरापलीकडे बॅडेकला पर्यटकांसाठी एक दुकान होतं. तिथल्या बाईने तो डफ खिडकीत लावला, आणि तो त्याच आठवड्यात गेला. पुढची पुष्कळ वर्षं फिलोमीनने गरुड काढले. अस्वलंही काढली, आठ टोकांची चांदणी काढली, आजीच्या साळिंदरकाट्यांच्या पेट्यांवर असायची ती एकमेकींकडे वळलेल्या दोन वेलांची नक्षी काढली, पण मागणी गरुडाला. लीवाय दारात येऊन उभा राहिला की म्हणे, "अजून एक? मिन, आकाशात उरलेत का गं थोडेफार?"

तिचे डफ हॅलिफॅक्सच्या हॉटेलात लागले, दंतवैद्यांकडे लागले, विमानतळावर काचेच्या कपाटात लागले. साबातीस लीवायकडून डफ नेई तो कोराच. रंगवलेला तो हातात धरत नसे. रंगाने कातड्याचा श्वास बंद होतो असं त्याचं मत होतं. ते त्याने फिलोमीनला तोंडावर कधी सांगितलं नाही. एकदाच, संत अ‍ॅनच्या यात्रेला सरोवरातल्या बेटावर सगळे जमले असताना, तिच्या राहुटीपुढे चहा पीत तो म्हणाला होता, "तुझा डफ चांगला वाजतो, फिलोमीन. फक्त तो खिळ्याला वाजवता येतो, माणसाला नाही." सगळे हसले. तीही हसली. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. खरं तर तिने स्वतः कधी डफ वाजवला नव्हता. दुकानासाठी बांधताना लीवाय बोटाने एक टिचकी मारून बघे, तेवढाच आवाज तिच्या खोपटात व्हायचा.

लीवाय फेब्रुवारीत गेला. खाडी गोठली होती आणि तो वाम मारायला बर्फावर गेला होता. भोक पाडून खालच्या चिखलात लांब भाला खुपसत राहायचं, हे काम हातापेक्षा धीराचं जास्त. काठावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना तो बादली पालथी घालून बसलेला दिसत होता. विडी ओढत असेल असं वाटून कुणी थांबलं नाही. दुपारनंतरही तो तसाच दिसला तेव्हा साबातीसचा पुतण्या चालत गेला. हृदय थांबून बराच वेळ झाला होता. शेजारी बर्फावर वाम पडले होते. हॅरिएटने ते आणून शिजवले आणि मयताला आलेल्या लोकांना वाढले. त्याने मारलेत, टाकायचे कशाला, म्हणाली.

रीतीप्रमाणे लीवायला घरीच ठेवलं. दिवाणखान्यात पेटी, भोवती खुर्च्या, स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली, आणि येणाऱ्याच्या हातात आधी चहाचा कप. माणसं जपमाळ म्हणत आणि मध्येच कुणीतरी लीवायची एखादी गोष्ट काढे, की हसू फुटे. फिलोमीनला तिथे बसवेना. भाऊ गेल्यावर बहीण पेटीजवळ बसते, पण ती दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जाई. शेवटी हॅरिएटच म्हणाली, "जा तू. तुझ्या हातांना काहीतरी दे. इथे सगळ्यांना तुझीच काळजी लागून राहिली आहे."

खोपटात लीवायने बांधलेला शेवटचा डफ होता. कोरा, वाळून टणक झालेला, पुढच्या गरुडासाठी आणून ठेवलेला. फिलोमीनने शेगडी पेटवली आणि त्यावर भाऊ काढायला घेतला.

आधी भुवया, सवयीप्रमाणे. संतांच्या चेहऱ्यात एक सोय असते, ते कुणी पाहिलेले नसतात. लीवायला सगळ्या गावाने पाहिलं होतं. डावा डोळा उजव्याहून जरा बारीक, टोपी कायम उजवीकडे कललेली, पुढच्या दोन दातांत फट. काहीतरी वात्रट बोलायच्या आधी त्याचा खालचा ओठ किंचित पुढे यायचा. तो ओठ तिने पुन्हापुन्हा पुसून काढला. जमला तेव्हा ती ब्रश ठेवून मागे सरकली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की इतकं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं. भाऊ गेल्याचं त्या घटकेला तिच्या ध्यानातही नव्हतं. हे नंतर आठवलं की तिला चमत्कारिक वाटे.

दफनाच्या सकाळी तिने डफ नेला. हॅरिएटने तोंडावर हात ठेवला, मग बोट लावून टोपी सरळ करावी तसं केलं. लोक पेटीपुढून जात तसे डफापुढूनही गेले. पेटीतला लीवाय नीट विंचरलेला, ओळखू न येण्यासारखा होता. डफावरचा मात्र तोच होता.

पेटी बंद करायच्या आधी साबातीस निरोपाचं गाणं म्हणणार होता. फिलोमीनने डफ त्याच्या हातात दिला. रंगवलेला असूनही त्याने तो घेतला. मूठ पकडली, टिपरू उचललं, गाण्यासाठी श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. टिपरू ठोका न मारताच खाली आलं.

"नाही जमायचं, तूस," तो म्हणाला. तूस म्हणजे लेकी. एरवी तो तिला नावाने हाक मारी.

"चांगला बांधलाय. लीवायनेच बांधलाय तो," फिलोमीन म्हणाली.

"दिसतंय मला. इकडे तो पडलाय आणि इकडून तो बघतोय. मी काय त्याच्या तोंडावर मारू?"

मागून कुणीतरी म्हणालं की मारा, कुणीतरी त्याला मारायला हवंच होतं. माणसं हसली, हॅरिएटसुद्धा. साबातीसने पुतण्याला गाडीतून आपला जुना डफ आणायला पाठवलं आणि त्यावर गाणं झालं. गाणं चांगलं झालं. फिलोमीन आपला डफ पोटाशी धरून उभी राहिली. तिचे कान तापले होते, आणि गाण्यातला एकही शब्द तिच्या कानात शिरला नाही.

दफनानंतर हॉलमध्ये सालीते झाली. सालीते म्हणजे जेवण आणि लिलाव. गेलेल्याच्या वस्तू आणि गावाने आणलेल्या वस्तू त्यात निघतात आणि मयताचा खर्च असा सगळ्यांनी मिळून उचलला जातो. एस्कासोनीत सालीतेला बोली न लागलेली वस्तू कुणी पाहिलेली नाही. अर्धा भरलेला पेट्रोलचा डबा जातो, एका पायाचा बूट जातो, कुणीतरी केलेला सफरचंदाचा केक तीनदा विकला जाऊन परत टेबलावर येतो. त्या दिवशी लीवायचा भाला गेला, टोप्या गेल्या, मोडका रेडिओ गेला. मग डफ वर धरला गेला. हॉल गप्प झाला. नको म्हणून नव्हे. प्रत्येकाला तो चेहरा आपल्या घरात कुठे लावायचा हा प्रश्न पडला होता, आणि कुणीही तो घेतला तरी हॅरिएटच्या घरातून लीवायला उचलून नेल्यासारखं झालं असतं. लिलाव करणारा माणूस विनोद करायला गेला आणि त्याचा विनोद पडला. शेवटी हॅरिएटने हात वर केला. तिच्याविरुद्ध कुणी बोललं नाही.

त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत फिलोमीन हॅरिएटकडे फारशी गेली नाही. गेली तेव्हा वसंत लागला होता. हॅरिएटने चहा टाकला, लुस्कनिगन म्हणतात ती जाड भाकरी कापली, लोणी पुढे केलं. फिलोमीनने भिंती पाहिल्या. डफ खिडकीच्या बाजूला होता, पण त्याची पाठ खोलीकडे होती. ओढलेल्या वाद्या, मधली गाठ, आणि तोंड भिंतीला.

"पडला होता का?" तिने विचारलं.

"नाही. मीच फिरवला."

फिलोमीनने कप खाली ठेवला.

"रागावू नकोस," हॅरिएट म्हणाली. "जिवंतपणी तो इतका वेळ घरात कधी बसला नाही. आता सकाळी उठले की बघतो, जेवायला बसले की बघतो. परवा मी कपडे बदलताना त्याच्यावर टॉवेल टाकला. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर टॉवेल टाकायची वेळ आली माझ्यावर."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर फिलोमीन पोट धरून हसली असती. पण साबातीसला तो वाजवता आला नाही, गावाला घेता आला नाही आणि आता बायकोला बघवत नाही. तिने सरळ विचारलं, मग मी काढलाच कशाला. हॅरिएट म्हणाली, ते मला काय विचारतेस, मी तुला हातांना काम दे म्हटलं होतं, त्याला परत आण म्हटलं नव्हतं. फिलोमीनने डफ खिळ्यावरून काढला. खिडकीसमोर धरला गेला तसा मागून उजेड आला आणि पिवळसर कातड्यातून वाद्यांच्या मागे लीवाय पुसटसा दिसला, उलटा, बारीक डोळा उजवीकडे गेलेला. तिने ते पाहिलं, पण रागात होती. डफ काखेत मारला आणि चालत घरी आली.

दोघी त्या उन्हाळ्यात बोलल्या नाहीत. गावात हे सगळ्यांना कळलं, आणि कुणी मध्ये पडलं नाही, कारण दोघीही भांडायला चांगल्या होत्या. यात्रेला बेटावर त्यांच्या राहुट्या शेजारी शेजारीच लागतात. त्या वर्षीही लागल्या. हॅरिएट चहा उकळायची आणि तिसऱ्या राहुटीत नेऊन द्यायची.

फिलोमीन दुकानासाठी गरुड काढत होती. लीवायने वाळवलेली कातडी संपली तेव्हा दुसऱ्या गावच्या एका शिकाऱ्याकडून बांधलेले डफ येऊ लागले. कडी बरी होती, गाठी ढिल्या. लीवायचा डफ तिने खोपटात रंगांच्या फळीवर ठेवला होता. तिला त्याचं बघणं त्रासदायक वाटत नव्हतं. कामाच्या वेळी तो तसाही दारात उभा राहायचाच.

ऑगस्टमध्ये धुकं आलं आणि सरोवरावरून हललंच नाही. घरातलं मीठ ओलं झालं, दारं फुगून बसली, आणि कातडं सैल पडलं. एका सकाळी फिलोमीन खोपटात गेली तर लीवायचे गाल ओघळले होते. ओठाखाली सुरकुती पडली होती, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. तो ज्या वयात गेला त्याच्या पुढे गेला होता. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत बसली. म्हातारा लीवाय कसा दिसला असता, हे ती आता पाहत होती, आणि ते तिने काढलेलं नव्हतं. शेगडी पेटवल्यावर दुपारपर्यंत कातडं तापून ताणलं आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. पण पूर्वीइतका घट्ट नाही. वाद्या ताणून ताणून ढिल्या झाल्या होत्या. हा डफ सोडून नव्याने बांधायला हवा होता.

सोडायचाच, तर मग परत तसाच बांधायचा का, हा प्रश्न तिला तिथेच पडला. हॅरिएटच्या खिडकीशी दिसलेला उलटा लीवाय तिला आठवला. डफ धरणाऱ्याच्या समोर नेहमी डफाची पाठ असते. कातडं उलटं बसवलं तर बाहेर कोरी बाजू येईल आणि चेहरा आत जाईल. ऐकणाऱ्यांना तो दिसणारच नाही, फक्त हातात धरणाऱ्याला दिसेल. टिपरू पडेल ते कोऱ्या बाजूवर. हे सुचायला इतके महिने का लागले, याचा तिला थोडा रागच आला.

अडचण एकच होती. तिला डफ बांधता येत नव्हता. इतक्या वर्षांत तिने ते शिकून घेतलं नव्हतं, कारण लीवाय होता. लीवायची गाठ आता एकाच माणसाला ठाऊक होती.

ती डफ घेऊन हॅरिएटच्या दाराशी गेली. हॅरिएटने दार उघडलं, डफाकडे पाहिलं आणि म्हणाली की तो आता इथे राहणार नाही. फिलोमीन म्हणाली, ठेवायला नाही आणला, उलटवायला आणलाय. मग तिने उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं. हॅरिएटने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "रंग पाण्यात टिकेल?"

"टिकेल. थोडा तडकेल."

"तडकू दे. तोही काही गुळगुळीत नव्हता."

दोघींनी वाद्या कापल्या. कातडं कड्यावरून सुटलं तेव्हा ते डफाच्या आकारात तसंच उभं राहिलं, ताटलीसारखं. कपड्यांच्या टबात थंड पाणी भरून त्यांनी ते बुडवलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिकडे पाहिलं नाही. भिजल्यावर ते मऊ लिबलिबीत झालं. पाण्यातून लीवाय वर पाहत होता. हॅरिएट म्हणाली, बर्फाखाली गेला असता तर असाच दिसला असता, बरं झालं बादलीवर बसला. फिलोमीनने टॉवेल पुढे केला.

अंगणात चादर अंथरून त्यांनी कातडं चेहरा वर करून ठेवलं आणि त्यावर कडं ठेवलं. आता लीवाय कड्याच्या आत होता. कडा वर वळवून हॅरिएटने वादी ओवायला घेतली. तिची बोटं मधूनमधून थांबत. इतकी वर्षं ती समोरून पाहत आली होती, त्यामुळे तिला सगळं उलट्या बाजूने आठवत होतं. दोनदा चुकलं, दोनदा सोडलं. ओढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली की तू कडं धर, मी ओढते. फिलोमीन कडं धरून बसली. हॅरिएटने चादरीवर बैठक मारली, पाय लावला आणि ओढताना लीवायच्या शिव्या एकेक करून, त्याच क्रमाने, शांतपणे म्हटल्या. शिव्यांवरूनच तिला गाठ आठवली. कुठल्या शिवीला वादी वरून घ्यायची आणि कुठल्या शिवीला खालून, हे ठरलेलं होतं. रस्त्यावरून जाणारी चर्चमधली एक बाई थबकली आणि मग पुढे गेली.

डफ हॅरिएटच्या घरी सावलीत वाळला. खटका वाजल्यासारखं कातडं अधूनमधून ताणत होतं. चेहऱ्यावर बारीक भेगा पडल्या, टोपीचा एक कोपरा उडाला. फिलोमीनने त्याला पुन्हा रंग लावला नाही.

साबातीसकडे दोघी मिळून गेल्या. तो अंगणात लाकडं फोडत होता. त्याने कोरी बाजू पाहिली, बोट टेकवलं, आणि चांगला ताणलाय म्हणाला. मग उलटून मूठ धरली आणि आत पाहिलं. कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतलेली होती. फिलोमीनला वाटलं, आता हा परत देणार. पण त्याने खिशातून टिपरू काढलं आणि एक ठोका मारला. मग आणखी काही, कान देऊन.

"थोडा घोगरा आहे," तो म्हणाला.

"रंगामुळे," फिलोमीन म्हणाली. तिला ते कबूल करायला जड गेलं नाही.

"असू दे. त्याचाही आवाज तसाच होता." डफ पुन्हा वर धरून त्याने आत पाहिलं. "आता दोघं एकाच बाजूला आहोत. आता वाजवता येईल."

चर्चमध्ये लीवायच्या वर्षाची मिस्सा झाल्यावर साबातीसने हॉलमध्ये तो डफ वाजवला. लोकांना एक साधा, कोरा डफ दिसला. पण गाताना साबातीस मध्येच हसला, आणि गाणं निरोपाचं असल्यामुळे ते लोकांच्या लक्षात आलं. नंतर एकेक जण येऊन डफ उलटून पाहून गेला. ज्यांना वाजवता येत होतं त्यांनी दोन ठोके मारले. हॅरिएटने शेवटी मारले. फिलोमीनने तिच्या हातातून डफ घेतला, धरला, आत पाहिलं आणि टिपरू उचललं. तिचा ठोका कड्यावर पडला. साबातीस म्हणाला, मधोमध, फिलोमीन, भिऊ नकोस. दुसरा मधोमध पडला.

त्यानंतर तिचं काम बदललं, पण लोक सांगतात तितकं नाही. गरुड ती अजूनही काढते, कारण हिवाळ्यात घर तापवावं लागतं आणि बॅडेकच्या दुकानाला गरुडच हवे असतात. आतून रंगवलेला एक डफ तिने दुकानात दिला होता. तिथली बाई भली होती. गिऱ्हाईक यातली दर्शनी बाजू कुठली ते विचारतं, असं तिने कळवलं. मागे आरसा लावावा का, असंही तिने सुचवलं. फिलोमीनने तो डफ परत आणला. आतले डफ तिने मग दुकानासाठी केले नाहीत. कुणी मागायला आलं की ती आधी विचारी, वाजवणार कोण. भिंतीवर लावायला हवा असेल तर गरुड घ्या म्हणे. वाजवणार असेल तर बसवून घेई, चहा देई आणि ज्याला आत काढायचं त्याच्याबद्दल बोलायला लावी. कुणाची आई, कुणाचा लहानपणी बुडालेला भाऊ, एकाचा कुत्रा. डफ बांधायला हॅरिएट येई. ती फिलोमीनला गाठ शिकवत नसे. शिकवली की तू मला बोलावणार नाहीस, म्हणे. हे अर्धं खरं असावं.

एकदा दुसऱ्या गावातून एक बाई आली. तिला मेलेल्या नवऱ्याचा चेहरा हवा होता, पण बाहेरच्या बाजूला. फिलोमीनने समजावलं की बाहेर काढला तर टिपरू त्याच्या तोंडावर पडेल. बाई म्हणाली, तेच हवंय. फिलोमीनने थोडा विचार केला आणि होकार दिला. चेहरा मन लावून काढला. ती बाई अजून वाजवते म्हणतात, आणि नाक पुसट झालंय.

साबातीस आता फारसा बाहेर पडत नाही, पण गातो. फिलोमीनच्या उजव्या हाताला कंप आला आहे. भुवया काढताना ती डाव्या हाताने मनगट धरते.

मागच्या वर्षी हॅलिफॅक्सच्या एका कलादालनाने तिचे आतले डफ जिथून मिळतील तिथून मागवून घेतले आणि मोठ्या खोलीत दोऱ्यांनी छताला टांगले, म्हणजे लोकांना भोवती फिरून दोन्ही बाजू पाहता याव्यात. लीवाय तिथे नव्हता. साबातीसने तो द्यायला नकार दिला होता. फिलोमीन उद्घाटनाला गेली. माणसं हातात पेले घेऊन डफांमधून हळू चालत होती, वाकून आत पाहत होती आणि दबक्या आवाजात बोलत होती. खाली एक पाटी होती, हात लावू नये. तिने सँडविच खाल्लं, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, फोटोसाठी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गावी परतली तेव्हा हॅरिएट तिच्याच स्वयंपाकघरात बसली होती. कसं झालं, तिने विचारलं. फिलोमीनने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चहा ओतून घेतला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "फार शांतता होती."